एका वस्तीचे बालपण

दिवाळीच्या पहाटे फटाका वाजला की घरातले लहान मूल दचकते, आईला बिलगते आणि दुसऱ्याच क्षणी हसू लागते. तो आवाज कशाचा, हे त्याला ठाऊक असते. मोठा भाऊ हातात उदबत्ती धरून अंगणात उभा आहे, वडील "लांब हो, लांब हो" म्हणून ओरडत आहेत आणि आजी तेलाची वाटी घेऊन उंबऱ्याशी बसली आहे. एवढी माणसे भोवती असताना भिण्यासारखे काही घडणार नाही, असा त्याचा भरवसा असतो. परंतु मोठ्या शहरांत अशाही वस्त्या आहेत, की जेथे मूल आवाज ऐकल्याबरोबर प्रथम दाराची कडी पाहते. हा आवाज बाटलीचा की शटर खाली ओढल्याचा, लोक पळत आहेत ते इकडे की तिकडे, वडील अजून बाहेर आहेत की घरी आले, एवढ्या प्रश्नांची उत्तरे त्याला एका क्षणात शोधावी लागतात. शाळेत गुणाकार येण्यापूर्वी त्याला हे गणित येऊ लागते.

अशा वस्तीत वाढणाऱ्या मुलांचे काय होते, हा प्रश्न आपण बहुधा वर्तमानपत्रातील गुन्ह्यांच्या बातम्या वाचताना विचारतो आणि "संगत वाईट" एवढे म्हणून पान उलटतो. इतिहास पान उलटू देत नाही. तो विचारतो, की ती संगत कोठून आली, आणि त्याच गल्लीतली दुसरी मुले निराळ्या वाटेने कशी गेली? या प्रश्नाचा माग काढण्यासाठी मी मुंबईतील एकच वस्ती निवडली आहे, ती म्हणजे नागपाडा. भायखळा आणि मुंबई सेंट्रल यांच्या मधला हा भाग. एका अंगाला कामाठीपुरा, दुसऱ्या अंगाला मदनपुरा, थोडे उत्तरेला आग्रीपाडा. सारे मिळून फेरी मारावयाची तर तासाभराची वाट. पण या तासाभराच्या वाटेवर शंभर वर्षांचा एक धडा पसरलेला आहे.

ही वस्ती कशी झाली ते आधी पाहू. 1853 साली आगगाडी सुरू झाली. 1854 साली मुंबईत कापडगिरणीची पहिली कंपनी निघाली आणि दोनच वर्षांनी, नागपाड्याहून फार लांब नसलेल्या ताडदेवला, गिरणीचे चाक फिरू लागले. पुढे गोद्या बांधल्या गेल्या. या कामांना माणसे लागत होती आणि गावाकडे माणसांना पोटाला लागत होते. तेलुगू मुलखातून आलेल्या कामाठी मजुरांवरून कामाठीपुऱ्याला नाव पडले. सत्तावनच्या धामधुमीनंतर उत्तरेकडचे मुसलमान विणकर आपले हातमाग घेऊन मदनपुऱ्यात उतरले. घाटावरून महार मंडळी आली, कोकणातून चाकरमानी आले, बगदादी ज्यू आले, पठाण आले. एकाच रस्त्यावर पाच भाषा आणि सात देव नांदू लागले. नांदण्यापुरती जागा मात्र कोणी ठेवली नव्हती. एका खोलीत एक कुटुंब, त्यातच गाववाले दोन-तीन पोटभाडेकरू, आणि उरलेल्यांना जिना, ओटा किंवा रस्ता.

1896 साली प्लेग आला. त्यानंतर दोन वर्षांनी सरकारने शहराच्या सुधारणेसाठी सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट नेमला. ट्रस्टने हाती घेतलेल्या पहिल्या योजनांत नागपाडा होता. जुन्या कोंदट चाळी पाडून रुंद रस्ते करावयाचे, हा बेत कागदावर चांगलाच होता. पण पाडणे भराभर झाले आणि बांधणे सावकाश. ज्यांची खोली गेली ते शेजारच्या गल्लीत जाऊन आणखी दाटीवाटीने राहिले.

जेथे राहण्याच्या जागेलाच शाश्वती नाही, तेथे दादा निर्माण होतो. दादा हा आकाशातून पडत नाही. घरमालकाला थकलेले भाडे वसूल करावयाचे असते, सावकाराला व्याज हवे असते, गिरणीतल्या जॉबरला आपली माणसे मुठीत ठेवावयाची असतात, आणि भाडेकरूलाही मालकाच्या माणसांपासून संरक्षण पाहिजे असते. कोर्टाची पायरी गरिबाला परवडत नाही आणि चौकीची त्याला भीती वाटते. मग गल्लीच्या नाक्यावर तालीम केलेला, चार पोरे पाठीशी असलेला एक माणूस उभा राहतो आणि तो ही सारी कामे पत्करतो. तो मारतो तसा वाचवतोही. कोणाच्या मयताला पैसे देतो, कोणाच्या पोरीचे लग्न लावून देतो. त्याच गल्लीत वाढणाऱ्या दहा वर्षांच्या मुलाने कोणाकडे पाहून मोठे व्हावे? बाप बारा तास राबून मान खाली घालून घरी येतो आणि दादा मान वर करून चालतो. मुलाची नजर कोठे जाईल हे सांगावयास पंडित नको.

उर्दूतील थोर कथाकार सआदत हसन मंटो 1936 साली मुंबईत आले आणि या भागात राहिले. ‘मम्मद भाई’ ही त्यांची कथा येथल्याच एका दादाची आहे. या दादाचा दरारा त्याच्या सुऱ्याइतकाच त्याच्या टोकदार मिशांत होता. कोर्टात आपला चेहरा साधा दिसावा म्हणून तो मिशा उतरवतो. तरीही तडीपारीची शिक्षा होतेच, आणि या माणसाला शहर सुटल्यापेक्षा मिशा गेल्याचेच दुःख अधिक होते. मंटोंनी त्या कथेत दादाची थट्टा केली आहे खरी, पण त्या थट्टेत एक निरीक्षण आहे. गल्लीतली सत्ता पुष्कळशी देखाव्यावर चालते, आणि मुले देखावाच सर्वांत आधी उचलतात. चालण्याची ढब, बोलण्यातला खालचा आवाज, कोणाकडे न पाहता पाहणे. सुरा नंतर येतो. कित्येकांच्या बाबतीत तर तो कधीच येत नाही, पण ढब मात्र जन्मभर राहते.

आता 1926 सालाकडे वळू. मुंबईत 1813 पासून काम करणाऱ्या अमेरिकन मराठी मिशनने शहरातील गरीब वस्तीत काही तरी कायमचे काम उभारावयाचे ठरविले. त्यासाठी आदल्याच वर्षी डॉ. क्लिफर्ड मॅनशार्ट नावाचे एक तरुण अमेरिकन गृहस्थ येथे आले होते. शिक्षण शिकागो विद्यापीठातले. त्या शहराचा उल्लेख मुद्दाम करावयाचा, कारण मुंबईप्रमाणेच शिकागोही कारखान्यांनी फुगवलेले आणि परमुलखातल्या गरिबांनी भरलेले शहर होते. तेथे जेन अ‍ॅडम्स या बाईंनी 1889 साली आपल्या मैत्रिणीसह एका गरीब वस्तीत ‘हल हाउस’ नावाचे घर उघडले होते. सुशिक्षित माणसांनी गरिबांना उपदेश करण्यासाठी जाऊ नये, त्यांच्या शेजारी राहावयास जावे, ही त्यामागची कल्पना. लहान मुलांचे खटले मोठ्या गुन्हेगारांपासून वेगळे चालवणारे अमेरिकेतील पहिले बालन्यायालयही त्याच शहरात 1899 साली स्थापन झाले. शेजारी राहावयाचे, ही कल्पना डॉ. मॅनशार्ट यांनी नागपाड्यात आणली आणि ‘नागपाडा नेबरहूड हाउस’ सुरू झाले. आपल्या भाषेत म्हणावयाचे तर शेजारघर.

त्या वेळचा नागपाडा दारू, जुगार, वेश्याव्यवसाय, बेकारी, घाण आणि बालमृत्यू यांनी गाजलेला होता. शेजारघराने या साऱ्याविरुद्ध व्याख्यानांची सरबत्ती केली नाही. धर्मप्रसारापेक्षा समाजसेवेवर भर ठेवून त्याने वस्तीतल्या सर्व जातिधर्मांच्या लोकांना दार मोकळे केले. मुलांना खेळ, मोठ्यांना वर्ग, आयांना बाळांच्या आरोग्याची माहिती, अशी त्याची साधी कामे. त्यातच अमेरिकेतून आलेला एक नवा खेळ होता. एक चेंडू, दोन खांब आणि त्यांवर अडकवलेल्या दोन कड्या. या खेळाची गोष्ट पुढे येईल.

शेजारघराची परीक्षा लवकरच झाली. फेब्रुवारी 1929 मध्ये मुंबईत मोठा दंगा उसळला. त्याचे कारण वाचून आजही मन सुन्न होते, कारण त्या दंग्याच्या मुळाशी मुलांविषयीचीच एक अफवा होती. पठाण लोक मुले पळवून नेत आहेत, अशी वार्ता शहरभर पसरली. त्याच सुमारास तेल कंपन्यांतील कामगारांचा संप चालू होता आणि संपकऱ्यांच्या जागी पठाण कामाला लावले गेले होते. पठाणी सावकारीचा राग तर जुनाच. या रागाला अफवेची ठिणगी लागली, आणि पुढे पाहता पाहता त्याला हिंदु-मुसलमान दंग्याचे रूप आले. शंभराहून अधिक माणसे मेली. तीन वर्षांनी, मे 1932 मध्ये, पुन्हा दंगा झाला आणि त्यात दोनशेंहून अधिक बळी गेले.

मुलांना वाचवण्यासाठी म्हणून मोठी माणसे हातात काठ्या घेतात आणि त्याचा पहिला मारा मुलांवरच होतो, हे 1929 ने दाखवून दिले. ज्या मुलाने त्या दिवसांत दाराच्या फटीतून रस्ता पाहिला असेल, त्याला कोणी सांगितले नसतानाही एक नवा भूगोल समजला असेल. कालपर्यंत गल्ली म्हणजे गल्ली होती. आता तिच्यात ‘आपला’ नाका आणि ‘त्यांचा’ नाका झाला. शाळेची वाट कोणत्या नाक्यावरून जाते, यावर शाळा चालू राहणार की सुटणार हे ठरू लागले. मुलींच्या बाबतीत तर वाटेचा प्रश्नच उरत नसे. गल्लीत धोका वाढला की मुलाला "सांभाळून जा" म्हणतात आणि मुलीला "जाऊ नको" म्हणतात. दंग्यात घायाळ झालेल्यांची गणती सरकारदरबारी होते. घरी बसवलेल्या मुलींची गणती कोणी करीत नाही.

या काळात मुलांकडे पाहण्याची कायद्याची दृष्टीही बदलत होती. मुंबई इलाख्यात 1924 साली मुलांविषयीचा कायदा झाला आणि 1927 साली चिल्ड्रन्स एड सोसायटी स्थापन झाली. अपराध करणारे मूल हे शिक्षेपूर्वी समजून घेण्याची गोष्ट आहे, असे मानणारे लोक पुढे येऊ लागले. पण समजून घ्यावयाचे म्हणजे कसे? त्यासाठी शिकलेली माणसे पाहिजेत. डॉ. मॅनशार्ट यांच्या पुढाकाराने आणि टाटा विश्वस्तनिधीच्या साह्याने 1936 साली समाजकार्याचे पदव्युत्तर शिक्षण देणारी भारतातील पहिली शाळा निघाली. ‘सर दोराबजी टाटा ग्रॅज्युएट स्कूल ऑफ सोशल वर्क’ हे तिचे नाव आणि नागपाड्याचे शेजारघर हे तिचे पहिले ठिकाण. पुढच्याच वर्षी या शाळेने मुलांच्या मानसिक अडचणींसाठी मार्गदर्शन केंद्र काढले. देशातील तसले तेही पहिलेच. 1944 साली शाळेला ‘टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेस’ हे नाव मिळाले आणि 1954 साली ती देवनारला गेली. देशभरच्या समाजकार्याचे हे मोठे विद्यापीठ एके काळी बदनाम समजल्या जाणाऱ्या नागपाड्यात जन्मले, हे पुष्कळांना ठाऊक नसते.

पंडितांनी मुलांविषयी काय म्हटले ते पाहण्यापूर्वी या वस्तीतील मुलांनी स्वतःविषयी काय सांगितले ते ऐकले पाहिजे. सुदैवाने मराठी वाङ्मयात त्याची साक्ष आहे. दया पवार यांचे ‘बलुतं’ 1978 साली प्रसिद्ध झाले. त्यात त्यांनी नागपाड्याजवळच्या कावाखान्यातले आपले लहानपण सांगितले आहे. गोदीत राबणारे पुरुष, रस्त्यावरच्या चिंध्या आणि कागद गोळा करून पोट भरणाऱ्या बाया, दारू, जुगार, भांडणे, आणि या साऱ्याच्या मध्ये आपल्या माणसांची ऊब. ‘बलुतं’ वाचताना एक गोष्ट मनाला लागते. लेखक त्या वस्तीचा तिरस्कार करीत नाही आणि तिला गोंजारीतही नाही. त्या मुलाने सर्व पाहिले आहे. पण ते सांगावयाला त्याला चाळिशी गाठावी लागली. हिंसेत वाढणारे मूल बोलावयाला शिकते त्याआधी गप्प बसावयाला शिकते. कोणी विचारले तर "मी नव्हतो, मी पाहिले नाही," हे उत्तर त्याच्या ओठांवर तयार असते. ही सवय त्याला गल्लीत वाचवते. शाळेत मात्र तीच त्याच्या आड येते, कारण तेथे न बोलणाऱ्या मुलाला मठ्ठ समजतात.

दुसरी साक्ष नामदेव ढसाळ यांची. पुणे जिल्ह्यातील एका खेड्यात 1949 साली जन्मलेले हे मूल आईवडिलांबरोबर मुंबईला आले आणि कामाठीपुऱ्याच्या परिसरात, ढोर चाळीत वाढले. वडील खाटकाच्या दुकानात कामाला होते. पुढे स्वतः ढसाळ यांनी टॅक्सी चालवली. 1972 साली त्यांचा ‘गोलपिठा’ हा कवितासंग्रह निघाला. त्याच वस्तीतल्या एका भागाचे नाव त्याला होते आणि विजय तेंडुलकरांची प्रस्तावना होती. त्या पुस्तकातली कित्येक शब्दांची ओळख मध्यमवर्गीय मराठी वाचकाला तोवर नव्हती. त्याच वर्षी दलित पँथरची स्थापना झाली. ज्या गल्लीने या मुलाला शिव्या शिकवल्या तिनेच त्याला भाषा दिली, असे म्हणण्याचा मोह होतो. पण तो आवरला पाहिजे. गल्लीने भाषा दिली असेल, पण ती भाषा छापणारे मासिक, ऐकणारा मित्र, एकत्र बसावयाला चहाचे हॉटेल आणि अन्यायाला अन्याय म्हणणारी आंबेडकरी चळवळ नसती, तर ती भाषा नाक्यावरच विरून गेली असती. ढसाळांइतकीच तीव्र बुद्धी असलेली, पण यांपैकी काहीच न मिळालेली किती मुले त्या चाळीत असतील, हा प्रश्न ‘गोलपिठा’ मिटल्यावर मनात राहतो.

आता शिकागोला परत जाऊ, कारण तेथल्या अभ्यासकांनी याच प्रश्नाला आकड्यांनी हात घातला. क्लिफर्ड शॉ आणि हेन्री मॅके या दोघांनी बालगुन्हेगारीच्या कित्येक वर्षांच्या नोंदी घेऊन त्या शहराच्या नकाशावर मांडल्या आणि 1942 साली आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यांना आढळले ते असे, की काही ठराविक वस्त्यांत बालगुन्हेगारी पिढ्यान्‌पिढ्या अधिक राहते. आणि ती तशीच राहत असताना तेथे राहणारे लोक मात्र बदलत जातात. आधी एका देशातून आलेले लोक, मग दुसऱ्या, मग तिसऱ्या. जे लोक सुस्थिती येऊन दुसरीकडे राहावयास गेले त्यांची मुले सुधारली. त्यांच्या जागी जे आले त्यांची मुले बिघडली. म्हणजे दोष रक्तात नव्हता, जातीत नव्हता, धर्मातही नव्हता. तो त्या जागेवर लादलेल्या परिस्थितीत होता. "त्या लोकांची पोरेच तशी" हे जगातल्या प्रत्येक शहरात ऐकू येणारे वाक्य या नकाशाने खोटे पाडले.

याच शहरातील मुलांविषयीचा अलीकडचा एक अभ्यास मला त्याहूनही महत्त्वाचा वाटतो. पॅट्रिक शार्की या समाजशास्त्रज्ञाने 2010 साली तो प्रसिद्ध केला. शिकागोतील कृष्णवर्णीय मुलांच्या वाचनाच्या आणि शब्दज्ञानाच्या चाचण्या झाल्या होत्या. काही मुलांच्या घराच्या आसपास त्या चाचणीपूर्वीच्या आठवड्यात खून झालेला होता, तर काहींच्या घराजवळ तो इतर वेळी झाला होता. या दोहोंची तुलना केली तेव्हा दिसले, की ज्यांच्या शेजारी नुकताच खून झाला त्यांचे गुण स्पष्टपणे कमी पडले. त्या मुलांनी तो खून डोळ्यांनी पाहिला असो वा नसो, फरक पडला तो पडलाच. मुले तीच, शाळा त्याच, डोकीही तीच. मन मात्र पुस्तकावर नव्हते. ते दाराच्या कडीवर होते.

हे कळल्यावर आपल्या वस्त्यांतल्या नापास मुलांच्या याद्या निराळ्या वाचाव्याशा वाटतात. परीक्षेच्या आदल्या रात्री चाळीत कोयते निघाले होते की काय, हे प्रगतिपुस्तकात लिहिण्याची सोय नसते. आणि ज्या मुलाच्या वस्तीत अशी रात्र वर्षातून एकदा न येता महिन्यातून एकदा येते, त्याची अडचण आठवड्याभरात कशी संपणार?

पण ज्याअर्थी धास्तीने मन हिरावले जाते, त्याअर्थी ती धास्ती थोडा वेळ दूर झाली तर मन परतही येत असले पाहिजे. येथे मघाशी राहिलेली त्या चेंडूची गोष्ट सांगितली पाहिजे. शेजारघराच्या अंगणात आलेल्या बास्केटबॉलने नागपाड्यात असे मूळ धरले, की हा मोहल्ला भारतीय बास्केटबॉलचे माहेरघर म्हणून ओळखला जाऊ लागला. येथेच अमेरिकन मिशनऱ्यांच्या हाताखाली खेळ शिकलेले अब्बास मुंतसिर पुढे भारतीय संघाचे कर्णधार झाले आणि 1970 साली त्यांना अर्जुन पुरस्कार मिळाला. मस्तान तलावाच्या मैदानावर बच्चू खान यांनी गरिबांच्या मुलांच्या पिढ्या घडवल्या. आज तेथले मैदान त्यांच्या नावाने ओळखले जाते. नागपाड्यातील खेळाडूंना खेळाच्या जोरावर रेल्वेसारख्या ठिकाणी नोकऱ्या मिळाल्या आणि एकेका नोकरीने एकेक घर वर आले.

खेळाने मुले सुधारतात, असे आपण भाषणात म्हणतो. त्यात अर्धेच सत्य आहे. तालमीत कसलेली शरीरे दादाच्याही कामी आलीच की! नुसत्या चेंडूत काही जादू नाही. मला वाटते, मैदानाने तीन गोष्टी दिल्या. पहिली गोष्ट म्हणजे दिवेलागणीची वेळ. नाक्यावर भांडणे पेटतात ती बहुधा याच वेळी, आणि याच वेळी मैदानावर खेळ असे. दुसरी गोष्ट म्हणजे एक मोठे माणूस, जे रोज त्याच वेळी तेथे सापडे आणि न आलेल्या मुलाची चौकशी करी. आणि तिसरी, ताकद दाखवण्याची अशी जागा, की जेथे हरलेला मुलगा दुसऱ्या दिवशी पुन्हा येऊ शकतो. गल्लीतल्या हारजितीत तशी सोय नसते. मैदानाच्या रेषांच्या आत मुलाला मागे वळून पाहावे लागत नसे. तेवढा तासभर त्याचे डोळे त्याचे स्वतःचे असत.

येथेच लेख संपवता आला असता तर सणासुदीला ते शोभले असते. पण तसे केले तर इतिहासाशी प्रतारणा होईल. एक शेजारघर आणि एक मैदान यांनी नागपाडा वाचवला, असे म्हणता येत नाही. 18 जानेवारी 1982 रोजी गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले, आणि त्यातले कित्येक परत कामावर गेलेच नाहीत. बापाची पाळी गेली तशी मुलाची वारसाने लागणारी नोकरीही गेली. त्याच काळात चोरट्या सोन्याचा आणि पुढे जमिनींचा पैसा मुंबईच्या मध्यवस्तीत खेळू लागला होता. जुना दादा सुरा बाळगीत असे. नव्या टोळ्यांकडे पिस्तुले आली. डोंगरीजवळच्या टेमकर मोहल्ल्यात वाढलेला, एका पोलीस हवालदाराचा मुलगा दाऊद इब्राहिम या टोळ्यांतला मोठा म्होरक्या झाला. दगडी चाळीसारख्या गिरणगावातल्या चाळींतूनही तशाच टोळ्या उभ्या राहिल्या. एक मुसलमान मोहल्ल्यातला, दुसरे मराठी चाळीतले. शॉ आणि मॅके यांचा नकाशा आपल्याच शहरात पुन्हा काढल्यासारखा झाला.

मग डिसेंबर 1992 आणि जानेवारी 1993 चे दंगे झाले. नागपाडा त्यात होरपळला. न्यायमूर्ती श्रीकृष्ण आयोगाने या दंग्यांत शहरभर 900 माणसे मेल्याची नोंद केली. 12 मार्च 1993 रोजी बाँबस्फोट झाले आणि आणखी 257 माणसे गेली. यानंतर या भागातील मुलांच्या कपाळी एक नवे संकट आले: पत्ता. नोकरीच्या अर्जावर राहण्याचे ठिकाण लिहिताना हात अडखळू लागला. भीती पूर्वी बाहेरून घरात येत असे, आता ती मुलाबरोबर बाहेर जाऊ लागली. ज्या मुलाला सारे शहर संशयाने पाहते, त्याला मान देणारा माणूस नाक्यावर मिळाला, तर तो कोणाचे ऐकेल?

तेव्हा शंभर वर्षांचा हिशेब मांडला तर काय हाती लागते? मला एकच गोष्ट निश्चित दिसते. या वस्तीतली मुले तीन वाटांनी गेली. काही मैदानावर गेली, काही पुस्तकांत गेली आणि काही टोळीत गेली. आणि या तिन्ही वाटा एकाच जिन्यावरून खाली उतरत होत्या. मुलांत निवड करण्याइतका फरक नव्हता. फरक होता तो त्या जिन्याच्या खाली संध्याकाळी कोण उभे होते, आणि मिसरूड फुटल्यावर हाताला काही काम मिळाले की नाही, एवढ्यातच. शेजारघर आणि रोजगार हे दोन्ही हात लागतात. एकाच हाताने मूल उचलले तर ते निसटते. 1982 नंतर एक हात सुटला, आणि त्याची किंमत दहा वर्षांत शहराने मोजली.

आजही नागपाड्यात संध्याकाळी बास्केटबॉल खेळला जातो. चेंडू जमिनीवर आपटल्याचा आवाज मोठा असतो, एका लयीत असतो, आणि कोणी त्याला दचकत नाही.

दिवाळीचा आकाशकंदील आपण घरात लावीत नाही. तो दाराबाहेर, उंचावर टांगतो. त्याचा उजेड रस्त्यावर पडावा म्हणून. या वर्षी तो लावताना खाली एकदा डोकावून पाहावे. आपल्या इमारतीच्या मागे, नाल्यापलीकडे किंवा रुळांच्या कडेला एखादी वस्ती असेलच. तिथल्या मुलांना दिवेलागणीच्या वेळी जावयाला एखादी उजेडाची जागा आहे का, आणि तेथे रोज येणारे एखादे मोठे माणूस आहे का, एवढे विचारून पाहावे. फराळाचे ताट आपण वर्षातून एकदा पाठवतो आणि ते चांगलेच आहे. पण त्या मुलाला आपली गरज भाऊबीज उलटल्यावर, कंदील उतरवल्यावर, एखाद्या साध्या मंगळवारच्या संध्याकाळी असते.